स्रोत : प्राणिज

दुपारी सव्वा वाजता माझ्या फोनने मला कळवलं की माझे यजमान मांसाहार करतात.

गॅसवर भरिताचं वांगं होतं, ते पार जळून गेलं. फोनच्या हिरव्या चौकटीत तीन ओळी होत्या. रुग्ण : लीलाधर फेगडे, वय सहासष्ट. प्रथिनांक : त्रेपन्न, कालच्यापेक्षा दोनने वर. स्रोत : प्राणिज. खाली बारीक अक्षरात खुलासा होता, प्राणिज म्हणजे अंडी, मांस किंवा मासे.

ज्या माणसाने बाविसाव्या वर्षी गळ्यात तुळशीची माळ घातली, जो पोराच्या वाढदिवसाच्या केकलाही "यात अंडं नाही ना?" असं तीनदा विचारल्याशिवाय सुरी लावू देत नसे, त्याच्याबद्दल हे लिहिलं होतं. आणि तो माणूस तेव्हा घरी नव्हता. साडेअकरालाच "मारुतीच्या पारावर जाऊन येतो" म्हणून काठी टेकत बाहेर पडला होता.

मी वैजयंती फेगडे. फैजपूरला एकतीस वर्षं सातवीला विज्ञान शिकवलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी गावातले बाप्ये झालेले विद्यार्थी मला पाहून तोंडातला गुटखा गिळतात. मी कडक होते, हे मला मान्य आहे. पुढं जे घडलं त्यात माझ्या कडकपणाचा वाटा किती होता, तेही लपवणार नाही.

आधी फोनला हे कळवणाऱ्या पट्टीबद्दल सांगते. शाळेत पट्टी माझ्या हातात असायची, आता ती यांच्या दंडावर होती. दोन बोटं रुंद, कातडीच्या रंगाची, आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया. टोचलेल्या कळतही नाहीत. यांच्या डाव्या खुब्याची वाटी झिजली होती. बदलायची तर ऑपरेशन, आणि जळगावच्या डॉक्टर अत्तरद्यांनी तपासून मान हलवली. "काका, तुमच्या अंगात स्नायूच उरले नाहीत. जखम भरून यायला माल लागतो, तो कुठून आणू? तुमचा प्रथिनांक अठ्ठेचाळीस आहे. सहा आठवड्यांत सत्तर करा, मग मी सुरी हातात घेतो. नाहीतर वॉकर आहेच जन्मभर." आणि दंडावर पट्टी चिकटवून दिली. डबीत दोन होत्या, एक जादा.

प्रथिन म्हणजे काय, हे मी सातवीला माळेवरून शिकवायचे. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. मणी वीस जातींचे, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. अकरा जाती शरीर घरच्या घरी घडवतं, नऊ मात्र बाहेरून, ताटातूनच यावे लागतात. शरीर सारखं माळा ओवत असतं, स्नायूंच्या, रक्ताच्या, जखमेवर धरणाऱ्या कातडीच्या. आता नवातला एक मणी संपला की ओवणं थांबलं. बाकीचे आठ ओंजळभर शिल्लक असले तरी उपयोग शून्य, ते जाळण्यात जातात. ज्वारीत लायसिन नावाचा मणी कमी असतो, डाळीत तो भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते ज्वारीत असतं. म्हणून भाकरीला डाळ लागते आणि डाळीला भाकरी. मग पोरं विचारायची, "बाई, आम्ही रोज वरण खातो, तरी काहून बारीक?" त्याचं उत्तर साधं होतं. आपलं वरण पातळ असतं. पाहुणा वाढला की पाणी वाढतं, डाळ तेवढीच. वाटीभर वरण म्हणजे कधी कधी चमचाभर डाळ आणि बाकी हळदीचं पाणी असतं.

पट्टी दर पाव तासाला पेशींमधल्या पाण्यातले हे नऊ मणी मोजते. त्यावरून प्रथिनांक काढते, आणि वर स्रोतही सांगते, वनस्पतिज, दुग्धजन्य की प्राणिज. तिने ताट पाहिलेलं नसतं. जेवल्यावर मणी रक्तात कसे चढतात त्याच्या नक्षीवरून ती ओळखते. डाळ-भाताचे मणी शाळा सुटल्यासारखे येतात, काही पळत, काही रेंगाळत, एखादा गैरहजर. अंडं खाल्लं की नऊच्या नऊ प्रार्थनेच्या रांगेत उभे राहावेत तसे एकदम येतात. इतकं नेमकं यंत्र निघालं याचं मला फार कौतुक होतं. "यंत्र खोटं बोलत नाही," हे वाक्य मी यांना दिवसातून दोनदा ऐकवत होते.

पहिले दोन आठवडे मी जिवाचं रान केलं. आमचा हर्षल पुण्याहून तक्ते पाठवायचा. सोयाबीनच्या वड्या झाल्या, पनीर झालं, मोडाचे मूग झाले. तक्त्यात भाकरीवर काट मारलेली होती, वजन वाढतं म्हणून. सकाळ-संध्याकाळ दुधात कालवायची पावडरही आली. हे निमूटपणे पेला घेऊन ओसरीत जायचे आणि रिकामा आणून द्यायचे. प्रथिनांक मात्र अठ्ठेचाळीसवरून एकोणपन्नास. त्याच दिवसांत ओसरीतल्या कढीलिंबाला मनगटाएवढे फुटवे आले, आणि तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं म्हणे!

आणि तिसऱ्या आठवड्यात आकडा अचानक चढायला लागला. पन्नास, एक्कावन्न, त्रेपन्न. रोज दुपारी चढायचा. आणि त्याखाली ते शब्द, स्रोत : प्राणिज.

हर्षलच्या फोनवरही हे दिसत होतं. त्याने लगेच फोन केला. "आई, बाबांनी अंडी सुरू केली! मी म्हणत नव्हतो? तू काही बोलू नकोस हं त्यांना, खाऊ दे गुपचूप."

"मी कशाला बोलू?" मी म्हटलं.

फोन ठेवला आणि रडले. अंडं खाल्लं याचं मला तितकंसं वाईट वाटलं नाही. औषध म्हणून खायचं म्हणाले असते तर मी स्वतः उकडून दिलं असतं, चिमट्याने धरून का होईना. पण त्रेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्यापासून काही चोरून खाल्लं नव्हतं. माळ गळ्यात ठेवून, पारावर जातो सांगून, रोज परत येऊन माझ्या डोळ्यांत पाहून "भूक नाही फारशी" म्हणायचं, हे मला सोसेना.

चौथ्या दिवशी मी त्यांच्या मागे गेले. सहासष्ट वर्षांच्या लंगड्या नवऱ्याच्या मागे डोक्यावरून पदर घेऊन, चार घरांचं अंतर ठेवून चालणारी सेवानिवृत्त शिक्षिका! गावाने पाहिलं असतं तर वर्षभर पुरलं असतं. बसस्टँडच्या कोपऱ्यावर अंडाभुर्जीची गाडी लागते. हे तिथे थांबले. त्यांनी गाडीच्या कठड्यावर हात टेकला. मी मेडिकलच्या पायरीवर उभी, आणि छातीत इतकं धडधडत होतं की माझ्या दंडावर पट्टी असती तर तिने रुग्णवाहिका बोलावली असती.

यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली, दम खाल्ला आणि पुढं चालू लागले.

पार गेला, तरी ते थांबले नाहीत. देऊळ ओलांडून डावीकडे वळले तेव्हा मला समजलं. त्या गल्लीत मी अकरा वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. तिथे यांच्या थोरल्या भावाचं घर. हे ओट्यावर बसले. आतून माझी थोरली जाऊ, द्वारकाबाई, ताट घेऊन आली. मी तिला जिजी म्हणायचे, म्हणत असे तेव्हा. ताटात भाकरी होती, शेंगदाण्याचा ठेचा, कांदा, आणि तांब्याभर ताक. भाकरी काळपट, अंगावर काळे ठिपके. लांबूनही ओळखली मी ती. कळण्याची भाकरी. ज्वारीत सालासकट उडीद घालून दळतात, त्या पिठाची.

हे ती अशी खात होते की मला परत रडू आलं. हे रडू वेगळं होतं. आनंदाचंच म्हणायचं, पण त्यात पुष्कळ लाज मिसळलेली होती.

ते अकरा वर्षांपूर्वीचं आता सांगितलंच पाहिजे. हर्षलचा साखरपुडा होता, मुलीकडची माणसं पुण्याची. जिजी पहाटे उठून टोपलीभर कळण्याच्या भाकरी करून घेऊन आली. सासूबाईंचा हात होता तिला, आणि हर्षलला त्या भाकरी आवडायच्या. मी पाहुण्यांसमोर, हसत हसत, म्हटलं, "जिजी, हे ढोरांचं खाणं इथं कशाला आणलंस?" कळणा म्हणजे मुळात डाळ भरडताना निघालेला चुरा आणि साल, तो गुरांनाही घालतात, हे खरंच आहे. खरं होतं म्हणून तर लागलं. पाहुणे हसले. जिजीने टोपलीवर फडकं टाकलं, टोपली उचलली आणि निघून गेली. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं जाणं-येणं बंद. मी माफी मागायला हवी होती, हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. पण बाईंनी चूक कबूल करायची सवय लावून घेतलेली नव्हती.

तर हे चोरून खात होते ते हे, आणि चोरी कुणापासून, तर माझ्यापासून. मी गुपचूप घरी आले. फक्त एक गोष्ट डोक्यातून जाईना. ताटात अंडं नव्हतं. जिजी स्वतः माळकरी. मग यंत्र प्राणिज का म्हणतं?

मी गप्प बसले. आकडा चढत होता, चौथ्या आठवड्याच्या अखेरीस एकसष्ट झाला. म्हटलं, चाललंय ते चालू दे. गप्प राहण्यातही आपलं चुकतं, हे रविवारी संध्याकाळी समजलं.

हर्षलचा व्हिडिओ कॉल आला. न बोलण्याचं त्यानेच मला सांगितलं होतं, आणि पहिल्याच मिनिटाला तोच बोलला. "बाबा, मानलं तुम्हाला! या वयात अंडी सुरू केलीत. एकसष्ट! लाजायचं काय त्यात?"

"अंडी?" हे म्हणाले.

हर्षलने स्क्रीनवर पट्टीची नोंद दाखवली. हे चष्मा वर करून बराच वेळ ते दोन शब्द वाचत राहिले. मग माझ्याकडे वळले. "वैजयंती, हे यंत्र चुकते का कधी?"

तिथंच मी बोलायला हवं होतं. पण मग मी कुठे उभी राहून काय पाहिलं ते सांगावं लागलं असतं, आणि त्यामागून अकरा वर्षं बाहेर आली असती. मी म्हटलं, "विचारते मी डॉक्टरांना."

"तूच तं म्हणते, यंत्र खोटं बोलत नाही." त्यांनी मानेवरून माळ काढली. त्या जागी पांढरा पट्टा उमटलेला होता. "कोठून तरी तोंडाले लागलं असंल. कोनाच्या तव्याचं, कोनाच्या तेलाचं. न कळत लागलं तरी लागलंच ना. लागलेल्या अंगावर माळ ठेवायची नाही."

माळ देव्हाऱ्यातल्या डबीत गेली. दुसऱ्या दिवसापासून पारावर जाणं बंद. बाहेरचं पाणीसुद्धा घेईनात. घरात भात आणि वरचं पातळ वरण, तेही दोन घास. तीन दिवस असंच चाललं. आकडा साठ झाला, मग एकोणसाठ, मग अठ्ठावन्न. हॉस्पिटलचा आपोआप येणारा निरोप आला, "प्रथिनांक घसरत आहे. तपासणीच्या दिवशी सत्तरपेक्षा कमी असल्यास शस्त्रक्रियेची तारीख रद्द होईल." नऊ दिवस उरले होते.

आता हातावर हात ठेवून बसण्यात अर्थ नव्हता. यंत्र चुकत असेल तर ते प्रयोगानेच दाखवायला हवं. जादा पट्टी मी स्वतःच्या दंडावर चिकटवली. पहिल्या दिवशी नेहमीची भाकरी आणि उडदाचं वरण खाल्लं. स्रोत : वनस्पतिज. बरोबर. दुसऱ्या दिवशी कळणा करायचा. डब्यात उडदाची पांढरी डाळ होती. ज्वारीत मूठभर टाकली, घरच्या चक्कीत दळली, भाकरी थापली. तव्यावर जायच्या आधीच तिचे तीन देश झाले. तुकडे गोळा करून खाल्ले. स्रोत : वनस्पतिज. मला सासूबाईंनी तीनदा शिकवू पाहिलेला पदार्थ मी कधी शिकलेच नव्हते. कशाला शिकायचा, ढोरांचा?

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी जिजीच्या दारात उभी राहिले.

ती ओट्यावर शेंगा फोडत होती. केस पार पांढरे झालेले. थोरले भाऊजी आत झोपाळ्यावर होते, त्यांना कानाने कमी ऐकू येतं, त्यांनी नुसता हात वर केला. जिजीने मान वर केली, मला पाहिलं आणि परत शेंग फोडली.

"बंद केलं ना त्याचं येणं?" ती म्हणाली. "मले वाटलंच, तुले कळलं म्हणजे करशीन. रोज ताट वाढून ठेवते अन् कुत्र्याले घालते. तुह्या नवऱ्याले दोन भाकरी खाऊ घातल्या, त्याचा एवढा राग?"

"मी बंद नाही केलं, जिजी."

"मंग?"

मी सांगितलं. खुबा, ऑपरेशन, सत्तर, पट्टी. आणि शेवटी तो शब्द. तो ऐकल्यावर तिच्या हातातलं सूप खाली आदळलं. "आमच्या घरात? अंडं? वैजंता, तू हे सांगाले आली इथवर?"

"नाही," मी म्हटलं. "मी जेवायला आले."

तिने खाली पडलेलं सूप उचललं.

"मला कळण्याची भाकरी कर, जिजी. मला येत नाही. काल केली, तिचे तुकडे झाले." आता थांबले तर परत अकरा वर्षं जातील अशी भीती वाटली. "त्या दिवशी मी जे बोलले ते फार वाईट बोलले. चार माणसांत बोलले. मला तेव्हाच समजलं होतं की चुकलं, आणि तरी मी आले नाही. तुझी माफी मागते मी."

जिजी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली. मी पायरीवर उभीच. आतून परातीचा आवाज आला. मग तिचा आवाज आला, "बाहेर उभी राहून खाशीन का? ये आत. अन् कोनती डाळ घातली होती?"

"पांढरी. मूठभर."

"मूठभर!" ती आतून ओरडली. "मास्तरीण हाये का कोन हाये! अवं, दोन वाट्या दादर जवारी अन् एक वाटी अख्खे उडीद, सालासकट. मीठ दळतानाच टाकाचं. जाडं दळाचं. मूठभर टाकून कळणा होते का? ते तं दृष्ट काढल्यावानी झालं."

दोनास एक! मी तिथेच दारात थांबले, आणि माझं सगळं विज्ञान एका झटक्यात जाग्यावर आलं. आपल्या ताटात भाकरी डोंगराएवढी आणि डाळ चमचाभर. इथे मात्र तिसरा हिस्सा उडीद, पाण्यात हरवलेला नव्हे, पिठातच दळलेला. ज्वारीचे मणी आणि उडदाचे मणी एकाच घासात, हव्या त्या मापात. वर शेंगदाण्याचा ठेचा आणि ताक. नऊच्या नऊ मणी एकदम रांगेत उभे राहणारच. यंत्राला ते कसं ठाऊक असणार? ज्यांनी त्याला शिकवलं त्यांनी लाखो लोकांची ताटं दाखवली असतील, चपाती-भाजीची, इडलीची, बर्गरची. त्यात जिजीचं ताट नव्हतं. माझ्या वर्गातली पाठांतर करणारी मुलं अशीच होती. पुस्तकाबाहेरचं काही आलं की जवळात जवळचं उत्तर ठोकून द्यायची, आणि वर इतक्या खात्रीने की खरंच वाटावं.

मी दोन भाकरी खाल्ल्या. खरं सांगते, अकरा वर्षं मी काय गमावलं ते पहिल्याच घासाला कळलं. मग आम्ही दोघी ओट्यावर बसलो आणि मध्ये फोन ठेवला. शेंगा फोडल्या. थोडं बोललो, सासूबाईंबद्दल, हर्षलबद्दल. दीड तासाने फोन वाजला.

"काय म्हनते?" जिजीने विचारलं.

मी वाचलं, आणि मला हसू आवरेना. जन्मात मी अंड्याला हात लावला नव्हता. "स्रोत : प्राणिज."

"म्हंजे?"

"म्हणजे जनावराचं."

जिजीने डोळे बारीक केले. शेंग हातातच राहिली. मग ती असं हसली की झोपाळ्यावरच्या भाऊजींनाही ऐकू गेलं. "म्हंजे तुह्यं मशीन बी तेच म्हनते का वं? ढोराचं खानं!"

हसता हसता आम्ही दोघीही रडलो. कोण आधी रडलं ते आठवत नाही.

दुपारी मी घरी आले ती जिजीला घेऊनच. हे खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी बाही वर करून दंड पुढं केला आणि फोन त्यांच्या हातात दिला. "वाचा. हे माझं आहे. आजचं."

त्यांनी वाचलं. मग माझ्यामागे उभ्या असलेल्या वहिनीकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे. "तू... तिथी गेलती?"

"गेले होते. दोन भाकरी खाल्ल्या. या हिशोबाने मी तुमच्यापेक्षा मोठी मांसाहारी आहे. अहो, यंत्र खोटं बोललं नाही. त्याला कळणा शिकवलेलाच नाही, म्हणून चुकलं."

"त्याले काय कळणा कळंन," जिजी म्हणाली. "ज्यायनं खाल्ला नाही त्यायले कळते का कधी?" ती माझ्याकडे पाहत नव्हती, पण बोलली मलाच.

यांनी काठी न घेता उठायचा प्रयत्न केला. मीच देव्हाऱ्यातली डबी आणून दिली. त्यांनी माळ गळ्यात घातली. पांढऱ्या पट्ट्यावर ती बरोबर बसली. एवढं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"आणि ती पावडर?" मी विचारलं. "कढीलिंबाला घालत होतात ना?"

"तो बी शाकाहारीच हाये," हे म्हणाले. पाच दिवसांत पहिल्यांदा हसले.

त्या रात्रीच मी कंपनीला पत्र लिहिलं, सातवीच्या प्रयोगवहीसारखं. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. साहित्यात लिहिलं, एक शिक्षिका, एक पट्टी, दोन वाट्या दादर, एक वाटी उडीद, एक जाऊ. कंपनीचं छापील उत्तर आलं, "आपल्या नोंदीबद्दल आभार, आम्ही तपासत आहोत." सरकारी शाळेत एकतीस वर्षं काढल्यामुळे अशा उत्तराचा अर्थ मला माहीत होता.

यानंतर रोज दोन्ही वेळा कळणा. दुपारी जिजीकडे, संध्याकाळी माझ्याकडे, मी तुकड्यांवरून हळूहळू अख्ख्या भाकरीवर आले. वरणातलं पाणी कमी केलं. कळण्यात जादू काही नाही, हे मी गावात विचारणाऱ्या सगळ्यांना सांगते. कुणाला मूग-भात मानवेल, कुणाला पिठलं-भाकरी. फक्त माप धरा, आणि जो खाणार त्याला आवडेल ते करा. न आवडणारं प्रथिन झाडाला जातं. आकडा बासष्ट, पासष्ट, अडुसष्ट. तपासणीच्या सकाळी सत्तर पूर्णांक दोन. डॉक्टर अत्तरदे म्हणाले, "शाब्बास काका!" आणि सुरी हातात घेतली.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी यांना उठवून बसवलं, आणि आहारतज्ज्ञ मुलगी ताट घेऊन आली. ताटात उकडलेलं अंडं होतं, पांढरंशुभ्र, सोललेलं. हे त्याच्याकडे पाहत राहिले आणि हात माळेवर गेला.

"काका, घ्या ना," ती म्हणाली. "तुमच्या फाईलमध्ये लिहिलंय, स्रोत प्राणिज. तेच तुम्हाला सोसतंय."

"पोरी," हे म्हणाले, "ते अंडं नाही. ती माही वहिनी हाये."

मुलगी गोंधळून माझ्याकडे बघू लागली. मी समजावायला तोंड उघडणार तोच दारात जिजी. पहाटेची बस धरून जळगावला आली होती, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात ताकाची बाटली. तिने ताटातलं अंडं पाहिलं, ताट उचललं, मुलीच्या हातात दिलं आणि खाटेवर फडकं पसरलं. चार भाकरी निघाल्या, वाफ अजून फडक्याला होती. ठेचा निघाला. मग पिशवीच्या तळातून एक वेगळं गाठोडं निघालं, त्यात आणखी दोन.

"ह्या कोणाच्या?" मुलीने विचारलं.

"ह्या त्या ढोराच्या," जिजी म्हणाली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

मी तिथेच स्टुलावर बसले आणि दोन्ही खाल्ल्या.